गाडीतलं एसओएस बटण: ई-कॉलबाबत या चुका टाळा

आरशाच्या थोडं वर, छतातल्या दिव्यांशेजारी, छोट्या झाकणाखाली एसओएस लिहिलेलं एक बटण असतं. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या गाडीत ते आहे आणि त्याच्याबाबतीत त्याच त्या चुका होताना दिसतात. गाडी घेताना सनरूफ कसं उघडतं, फोन स्क्रीनला कसा जोडायचा, हे अर्धा तास बघितलं जातं. या बटणाकडे मान वर करून कुणी बघत नाही.

आधी यंत्रणा समजून घ्या. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात नव्याने मंजूर होणाऱ्या मोटारींच्या आणि हलक्या व्हॅनच्या मॉडेलना ई-कॉल सक्तीचा झाला. हा गाडीत बसवलेला एक वेगळा फोनच आहे. त्याला सिम आहे, अँटेना आहे, माइक-स्पीकर आहे आणि बहुतेक गाड्यांत स्वतःची छोटी बॅटरीही आहे. टक्कर मोठी आहे हे एअरबॅगच्या कंट्रोलरने ठरवलं की तो या फोनला इशारा देतो आणि फोन थेट ११२ हा आपत्कालीन नंबर लावतो. पलीकडून उचलला की आधी जास्तीत जास्त १४० बाइटचा एक संदेश जातो: वेळ, चेसिस नंबर, ठिकाण, गाडीची दिशा, इंधनाचा प्रकार, कॉल आपोआप लागला की हाताने. त्यानंतर बोलणं सुरू होतं.

तारीख नीट वाचा. नियम नव्या मॉडेलच्या मंजुरीला लागू आहे. मॉडेल आधीच मंजूर झालेलं असेल तर २०१९ मध्ये घेतलेल्या गाडीतही ई-कॉल नसू शकतो. जुनी गाडी घेताना गृहीत धरू नका, छताकडे बघा.

लाल दिव्याकडे काणाडोळा

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. बटणाजवळ एक बारीक दिवा असतो. बऱ्याच गाड्यांत हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे मॅन्युअलमधलं ते एक पान वाचाच.

आता हा प्रकार कसा घडत जातो ते बघा. सहा-सात वर्षांची गाडी. जानेवारीतल्या एका गोठलेल्या सकाळी स्क्रीनवर ‘एसओएस यंत्रणा नादुरुस्त’ असा संदेश येतो आणि दुपारी आपोआप जातो. मालक निर्धास्त होतो. दोन आठवड्यांनी संदेश परत येतो आणि ठाण मांडून बसतो. गाडी सुरू होतेय, हीटर चालतोय, म्हणून त्याकडे दुर्लक्ष. पुढे गाडी विकायची ठरते. मग कुणीतरी शॉर्टकट सुचवतो: स्कॅनर लाव, बिघाडाचा कोड पुसून टाक. दिवा दोन-चार दिवस हिरवा राहतो, तेवढ्यात व्यवहार होतो. नवा मालक आठवड्याभरात वर्कशॉपमध्ये पोचतो. तिथे कोड न वाचताच त्याला पूर्ण टेलिमॅटिक्स युनिट, म्हणजे ई-कॉलचा फोन असलेला अख्खा डबा, बदलायला सांगतात. त्याच्या खिशाला मोठी कात्री लागते आणि मूळ दोष असतो त्याच फोनच्या मुठीत मावणाऱ्या बॅकअप बॅटरीचा.

कोड पुसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या दिव्यावर कुणाच्या तरी घरातली माणसं विसंबून असतात.

बॅकअप बॅटरीच का मरते? ती वर्षानुवर्षं चार्ज होऊन पडून असते, उन्हाळ्यात तापते, थंडीत आकसते आणि क्षमता हळूहळू घटते. थंडीत ती आणखी कमी भरते, म्हणून संदेश सकाळी येतो आणि दुपारी जातो. संदेश दुपारी गेला म्हणजे बॅटरी सुधारली असं अजिबात नाही. आणि ही बॅटरी हवी असते नेमकी वाईट वेळेला. समोरून जोरात धडक बसली तर बॉनेटखालची मोठी बॅटरी चेपू शकते. काही गाड्यांत तर आग लागू नये म्हणून एक छोटा स्फोटक तुकडा तिची जाड केबल मुद्दाम तोडतो. त्यानंतर कॉल लावणं, बोलणं आणि पुढचा तासभर नेटवर्कवर थांबणं, हे सगळं त्या छोट्या बॅटरीवर येऊन पडतं.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. प्रथम टेलिमॅटिक्स युनिटचे कोड वाचून घ्या आणि त्यांचा फोटो काढा, पुसायचं नंतर. कोड बॅटरीचा, अँटेनाचा, माइकचा की युनिटच्या आतला, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. बॅटरीचा असेल तर त्याच पार्ट नंबरची घ्या आणि लेबलवर उत्पादनाची तारीख असेल तर ती बघा. दुकानात चार वर्षं पडून असलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते. काही गाड्यांत बॅटरी बदलल्यावर तशी नोंद निदान-यंत्राने करावी लागते, ती राहिली तर दिवा लालच राहतो. सुटे सेल आणून सोल्डर करण्याच्या भानगडीत पडू नका. चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी न होणारा बसला तर छतात किंवा डॅशबोर्डमागे धोका तयार होतो.

दाबून बघू, लागतो का

नाही. ई-कॉलचं बटण दाबलं की खरा ११२ लागतो. लाइन व्यापली जाते आणि पलीकडे माणूस कामाला लागतो. चाचणी करायची तर दिवा बघायचा, बस्स.

चुकून दाबलं गेलं, समजा मागून पुढे आलेल्या पोराने झाकण उघडून दाबलं, तर खरी चूक त्यानंतर होते. चालक घाबरतो आणि इंजिन बंद करतो, कॉल तुटेल या आशेने. कॉल जोडला गेला की तो संपवणं पलीकडच्या माणसाच्या हातात असतं. किल्ली काढून काही होत नाही. तुम्ही गप्प बसलात तर त्यांना दिसतं एवढंच: गाडी इथे आहे, कॉल आला आहे, कुणी बोलत नाही. बेशुद्ध माणसाचा कॉल असाच दिसतो. मग मदत निघू शकते. कॉल संपल्यावरही युनिट किमान तासभर नेटवर्कवर राहतं आणि तिकडून फोन आला तर स्वतःच उचलतं. म्हणून शांतपणे सांगा: चुकून दाबलं, सगळे ठीक आहोत, मदत नको. वीस सेकंदांचं काम आहे.

खऱ्या अपघातात उलटी घाई होते. जोडणी झाल्यावर तो १४० बाइटचा संदेश आवाजाच्याच लाइनवरून, मोडेमच्या सुरांत जातो. तेवढा वेळ माइक आणि स्पीकर बंद असतात. सहसा चार-पाच सेकंद, लाइन खराब असेल तर वीसपर्यंत. लोकांना वाटतं फोन मेला, मग ते बटण पुन्हा पुन्हा दाबतात किंवा ओरडतात. मनात वीस मोजा. आवाज येईल.

सीटवरच्या पिशवीला पट्टा

संदेशात लावलेल्या पट्ट्यांची संख्याही जाऊ शकते. त्यावरून आत किती माणसं आहेत याचा अंदाज बांधला जातो. मागच्या सीटवर किराणा ठेवला, बीप थांबवायला पट्टा लावून टाकला, की यंत्रणेच्या लेखी तिथे एक माणूस बसलं. उलट आयसोफिक्सच्या, म्हणजे पट्ट्याऐवजी सीटमधल्या कड्यांना अडकवायच्या, आसनातलं बाळ त्यात मोजलं जात नाही, कारण गाडीचा पट्टा लागलेलाच नसतो. बोलता येत असेल तर आकडा तोंडाने सांगा आणि बाळ आहे हे आधी सांगा.

फ्यूज काढणारे

‘गाडी आपल्यावर पाळत ठेवते’ म्हणून फ्यूज उपटणारे भेटतात. सक्तीच्या ११२ ई-कॉलचं सिम एरवी नेटवर्कवर नोंदलेलंच नसतं, कॉलच्या वेळी जागं होतं. युनिटमध्ये शेवटची तीनच ठिकाणं राहतात, जुनी सतत पुसली जातात. कंपनीच्या मोबाइल ॲपची सेवा वेगळी. तिची काळजी असेल तर ती सेवा सेटिंगमधून बंद करा.

काम झाल्यावर न तपासणं

छत, काच किंवा स्टिरिओचं काम झालं की परत घेण्याआधी दिवा बघा. अँटेनाचे फाक्रा कनेक्टर रंगाने ओळखतात: निळा जीपीएसचा, गडद मरून मोबाइल नेटवर्कचा. टक् असा आवाज येईपर्यंत ते बसत नाहीत आणि घाईत अर्धवट राहतात. धातूचा थर असलेली काचेवरची काळी फिल्मही सिग्नल खाते.

छोटी धडक बसली, एअरबॅग उघडली नाही, पण मदत हवी असेल, तर आपोआप कॉलची वाट बघू नका, स्वतः दाबा. दुसऱ्याचा अपघात दिसला आणि त्यांना मदत हवी असेल तरी दाबा.

जुनी गाडी घेताना नेटवर्कही विचारा. आजवरचा ई-कॉल 2जी-3जीवर चालतो. 4जीवरचा नवा प्रकार युरोपात २०२६ पासून नव्या मॉडेलना आणि २०२७ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये 3जी बंद झालं तेव्हा अनेक जुन्या गाड्यांची आपत्कालीन सेवा त्याबरोबर गेली.

पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांना यातलं सगळं जसंच्या तसं सांगू नका. तिथल्या खासगी कनेक्टेड गाड्यांचं एसओएस बटण सहसा कंपनीच्या कॉल सेंटरला जातं आणि वर्गणी संपली की बंद पडतं. तारीख बघून नूतनीकरण करा. टॅक्सी-बसमधलं एआयएस-१४० या भारतीय मानकाचं बटण आणखी वेगळं: ते ठिकाणासह इशारा पाठवतं आणि त्याची वायर मुद्दाम अशी असते की कापली तरी इशारा जावा.

शेवटी, उन्हाळ्यात नातवंडांकडे आलेले आई-बाबा. गाडीत बहुधा तेच मागे बाळाशेजारी बसलेले असतात आणि त्यांना हे बटण कुणी दाखवलेलं नसतं. पहिल्याच दिवशी झाकण उघडून दाखवा, न दाबता. जर्मनीत असाल तर ‘उनफाल’ म्हणजे अपघात, ‘फरलेत्स्त’ म्हणजे जखमी, एवढे दोन शब्द पाठ करून घ्या. इंग्रजी समजणारं माणूस मिळेलच याची खात्री नसते. महामार्गाचा क्रमांक आणि कुठल्या शहराच्या दिशेने निघालोय, हे निघतानाच त्यांना सांगत जा, कारण बोगद्यात यंत्रणेला ठिकाणाची खात्री नसते आणि तसं ती संदेशात कळवते. आणि पलीकडचा माणूस ठेवेपर्यंत बोलत राहा, एवढं त्यांना दोनदा सांगा.