रिॲक्टमध्ये निवडलेलं बटण उठून कसं दाखवायचं

रिॲक्ट या वेबपानं बांधण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत महाराष्ट्रातल्या पावसाचे आकडे दाखवणारं एक वेबपान करायचं आहे असं धरू. वर सहा महसुली विभागांची सहा बटणं: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. एक दाबलं की खाली त्या विभागाचे आकडे यावेत आणि ते बटण इतरांपेक्षा वेगळं दिसावं. वाचणारा मध्येच उठून गेला आणि पुन्हा स्क्रीनसमोर बसला, तर हे आकडे कुठले हे त्याला त्या बटणावरूनच कळणार आहे. त्यामुळे या कामाकडे निव्वळ रंगरंगोटी म्हणून बघू नका.

पहिला मोह होतो तो सगळं सीएसएसवर, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेवर, सोडून देण्याचा. सीएसएसमधली ‘ॲक्टिव्ह’ ही अवस्था बोट किंवा माउस दाबलेला असेपर्यंतच टिकते. ‘फोकस’ थोडी जास्त टिकते, पण वाचकाने पानावर दुसरीकडे क्लिक केलं की तीही जाते. मॅकवरच्या सफारीत तर बटणावर क्लिक करूनही त्याला फोकस मिळत नाही. कोणता विभाग निवडला आहे हे लक्षात ठेवणं ब्राउझरच्या या अवस्थांचं कामच नाही. ते आपल्या कंपोनंटने, म्हणजे पानाचा एक भाग तयार करणाऱ्या कोडने, लक्षात ठेवायचं, आणि त्यासाठीच स्टेट, म्हणजे कंपोनंटची आठवण, असते. फेब्रुवारी 2019 मध्ये रिॲक्टच्या 16.8 आवृत्तीत हुक्स (कंपोनंटला स्टेटसारख्या सोयी देणारी फंक्शन्स) आले. तेव्हापासून साध्या फंक्शन कंपोनंटमध्येही ‘युजस्टेट’ वापरून हे काम होतं.

आधी ठरवा: काय लक्षात ठेवायचं आणि कुठे

सगळं काम या निर्णयावर उभं आहे. नवशिके बहुतेक वेळा प्रत्येक बटणाला स्वतःची हो-नाही स्टेट देतात. कोकण दाबलं, ते रंगलं. मग नाशिक दाबलं, तेही रंगलं, पण कोकण तसंच राहिलं, कारण शेजारचं बटण दाबलं गेल्याचं त्याला कळायला वावच नाही. मग प्रत्येक क्लिकला उरलेली पाच बटणं विझवण्याची खटपट सुरू होते आणि एखादं बटण हमखास विसरलं जातं.

म्हणून स्टेट एकच ठेवा, आणि ती सहाही बटणांच्या वरच्या, म्हणजे पालक कंपोनंटमध्ये ठेवा. तिच्यात फक्त निवडलेल्या विभागाचा आयडी असू द्या. एका जागी एकच आयडी मावतो, त्यामुळे दोन बटणं एकदम उजळण्याची शक्यताच उरत नाही.

आयडीच का, बटणावरचं नाव का नको? 2023 मध्ये औरंगाबाद विभागाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. तपासणी नावावर टांगलेली असती, तर कोडमध्ये जिथे जिथे ते नाव आलं तिथे तिथे बदल करत बसावं लागलं असतं. आयडी वेगळा असेल तर यादीतली एक ओळ बदलली की झालं.

बटणं मांडा

विभागांचा एक ॲरे, म्हणजे यादी, करा. प्रत्येक नोंदीत आयडी आणि नाव. हा ॲरे कंपोनंटच्या बाहेर लिहा, म्हणजे दर रेंडरला (रिॲक्ट कंपोनंट पुन्हा चालवतं तेव्हा) तो नव्याने तयार होणार नाही. मग त्यावर ‘मॅप’ चालवून प्रत्येक नोंदीचं एक बटण काढा आणि ‘की’ (यादीतली बटणं रिॲक्टला वेगवेगळी ओळखता यावीत म्हणून द्यायची खूण) म्हणून आयडी द्या.

युजस्टेटला सुरुवातीची किंमत काय द्यायची हेही इथेच ठरवा. पान उघडताच आकडे दिसायला हवे असतील तर पहिल्या विभागाचा आयडी द्या. काहीच निवडलेलं नको असेल तर ‘नल’ द्या, पण मग खालच्या मोकळ्या जागेत ‘विभाग निवडा’ असं लिहायला विसरू नका.

‘ऑनक्लिक’मध्ये ॲरो फंक्शन द्या, आणि त्या फंक्शनच्या आत स्टेट बदला. स्टेट बदलणारं फंक्शन तिथे थेट गोल कंसासह लिहिलं, तर ते क्लिकची वाट न बघता रेंडर होतानाच चालतं, त्यातून पुन्हा रेंडर होतं, आणि शेवटी रिॲक्ट एरर देऊन थांबतं. बटण फॉर्मच्या आत असेल तर त्याचा टाइप ‘बटन’ असा स्पष्ट लिहा. न लिहिल्यास ब्राउझर त्याला ‘सबमिट’ समजतो आणि फॉर्म पाठवून मोकळा होतो.

आता उजळणं. मॅपच्या आत, या बटणाचा आयडी स्टेटमधल्या आयडीशी जुळतो का हे तीन बरोबर-चिन्हांनी तपासा. जुळला तर ‘क्लासनेम’मध्ये निवडीचा क्लास जोडा, नाही तर नेहमीचाच राहू द्या. या हो-नाही उत्तरासाठी वेगळी स्टेट करू नका. ते दर रेंडरला आयडीवरून आपोआप निघतं, म्हणून कधी शिळं होत नाही.

क्लिकनंतर लगेच पुढच्या ओळीत कन्सोलवर स्टेट छापली तर जुनाच आयडी दिसेल. घाबरू नका, नवी किंमत पुढच्या रेंडरमध्ये मिळते.

दिसणं, आणि न बघता कळणं

फक्त रंग बदलून भागत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे वाचक असतात, आणि भर उन्हात मोबाइलवर फिकट निळा आणि राखाडी सारखेच दिसतात. रंगाच्या जोडीला बरोबरची खूण किंवा जाड कडा द्या. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान 4.5 : 1 असावा.

कडा निवडलेल्या बटणालाच दिली तर ते तेवढं मोठं होतं आणि सगळी रांग हलते. न निवडलेल्या बटणांनाही तेवढ्याच जाडीची पारदर्शक कडा द्या. अक्षरं ठळक केली तरी रुंदी बदलते, म्हणून मी ते टाळतो. बटणाची उंची ठरवतानाही देवनागरीला वर वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते हे ध्यानात असू द्या.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच तपासणीचं उत्तर ‘एरिया-प्रेस्ड’ या गुणधर्मालाही द्या, म्हणजे बटण दाबलेलं आहे हे त्याला ऐकू येईल. सीएसएसचा नियमसुद्धा याच गुणधर्मावर लिहिता येतो. मग वेगळा क्लास लागत नाही, आणि दिसणारं व ऐकू येणारं यांत तफावत पडत नाही.

एकापेक्षा जास्त विभाग निवडायचे असतील तर

स्टेटमध्ये एका आयडीऐवजी आयडींचा ॲरे ठेवा आणि तपासणीसाठी ‘इन्क्लूड्स’ वापरा. क्लिक झाल्यावर आयडी आधीपासून असेल तर ‘फिल्टर’ने काढा, नसेल तर जोडा. मात्र जुन्याच ॲरेत ‘पुश’ करू नका. रिॲक्ट जुनी आणि नवी किंमत ताडून बघतं. ॲरे तोच असेल तर काही बदललं नाही असं समजतं आणि बटण तसंच राहतं. दर वेळी नवा ॲरे तयार करून द्या.

पान रिफ्रेश केलं की स्टेट पुसली जाते. निवड टिकवायची असेल, किंवा नागपूरचे आकडे उघडलेली लिंक कुणाला पाठवायची असेल, तर आयडी पत्त्यातल्या क्वेरीत, म्हणजे प्रश्नचिन्हानंतरच्या भागात, ठेवा आणि निवडलेला विभाग तिथूनच वाचा. तोच आयडी स्टेटमध्येही वेगळा सांभाळत बसू नका, नाहीतर ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबल्यावर पत्ता एक विभाग सांगेल आणि उजळलेलं बटण दुसराच.