मेकरेडीच्या रद्दीतला तिसरा रंग

सोलापुरात डिझाइनचं काम सुरू केलं तेव्हा प्रेस म्हणजे फाईल नेऊन द्यायची जागा, एवढंच मला ठाऊक होतं. पेनड्राइव्ह द्यायचा, चहा प्यायचा, निघायचं. नव्यानं या धंद्यात येणारे बहुतेक जण असंच करतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याला खोक्यावरचं वेष्टण हवं होतं. बजेट दोन रंगांचं. मी तोंड पाडून प्रेसवर गेलो. मशीनमन मामा एकरंगी ऑफसेटवर, म्हणजे एका वेळी एकच रंग छापणाऱ्या मशीनवर, प्लेट (त्या रंगाचा छापायचा पत्रा) चढवत होते. म्हणाले, "दोन कुठं बे, तीन आहेत की!" आणि कोपऱ्यातल्या मेकरेडीच्या रद्दीतून एक कागद ओढून दिला. मेकरेडी म्हणजे खऱ्या छपाईआधीची जुळवाजुळव. शाई आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची नेमकी जागा, जुळेपर्यंत तेच वाया गेलेले कागद पुन्हा पुन्हा मशीनमधून फिरवतात. त्यावर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतला पिवळा गणपती होता आणि अंगावर क्लासच्या जाहिरातीची निळी अक्षरं. दोन्ही जिथं एकमेकांवर पडली, तिथं चक्क हिरवा.

ऑफसेटची शाई पारदर्शक असते हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते तेव्हा.

मग जकार्डच्या चादरीवर असतात तसे पायऱ्यापायऱ्यांचे आकार काढले, काही पिवळे, काही निळे, मुद्दाम एकमेकांवर चढवलेले. प्लेट हातात घेताच मामांनी चूक पकडली. निळ्याखालचा पिवळा कापला गेला होता. सॉफ्टवेअर वरच्या रंगाखालची जागा आपणहून मोकळी करतं; ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावर छापणं, आपल्याला लावावा लागतो. पिवळ्याची प्लेट नव्यानं काढली, पैसे अर्थात माझे.

छपाई मे महिन्यात झाली. पिवळा छापलेला गठ्ठा रात्रभर पडून राहिला. कोरड्या हवेत कागदातली ओल उडते, तो आकसतो आणि दुसऱ्या दिवशी निळा केसभर सरकून बसतो. रंग शेजारीशेजारी असते तर मधे पांढरी रेघ दिसली असती. इथं ते सरकणं हिरव्यात मुरून गेलं. "तुम्हाला आधीच माहीत होतं?" मामांना विचारलं, तर म्हणाले, "मेमध्ये इथं दुसरं काय होणार?"

3 मिमी ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग), 300 डीपीआय (चित्राची बारकाई) वगैरे कुठल्याही व्हिडिओत मिळेल. आकार मात्र आधी मशीनमनला विचारा. मी 6 बाय 9 इंचाचं पत्रक केलं होतं. 18 बाय 23 च्या कागदात चारपाचच बसत होती. सव्वापाच बाय साडेआठ केल्यावर ग्रिपरची, म्हणजे मशीन कागद पकडतं त्या कडेची, जागा सोडूनही आठ बसली. ग्राहक खूश, आणि पुढच्या वेळी जाड कागदाला तयार.

अक्षरांचंही सांगतो. आपल्याकडं एकाच पत्रिकेत मराठी, तेलुगू, कन्नड येतं. जुने फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसले की नावांचा चिवडा होतो, म्हणून मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, द्या. पण कर्व्ह न केलेली प्रत जपा. वधूच्या आजोबांचं नाव चुकल्याचं शेवटच्या क्षणीच कळतं.

प्रेसवर जायचं तर लगीनसराईत जाऊ नका, हाकलून देतील. आषाढात जा. मशीन निवांत असतं, मामाही बोलतात. निघताना रद्दीतले दोनचार कागद मागा, कुणी नाही म्हणत नाही.