उजवा गाल म्हातारा, डावा तरणा

आमचे एक काका एसटीत ड्रायव्हर होते, तीसेक वर्षं सातारा-सोलापूर, दहिवडी-म्हसवडच्या त्या उन्हातनं गाडी मारली माणसानं. रिटायर झाल्यावर एकदा ओट्यावर दाढी करत बसलेले, आरसा धरायला मी, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं की काकांचे दोन गाल दोन वेगळ्या माणसांचे आहेत. उजव्या बाजूला कानापासून ओठापर्यंत सुरकुत्यांचं जाळं, मानेवर कातडी जाड होऊन चौकटी पडलेल्या, कपाळाच्या कडेला काळे डाग, आणि डावा गाल बघाल तर अजून गुळगुळीत. ड्रायव्हरची खिडकी उजव्या हाताला, बास एवढंच कारण.

मला वाटलं हे आपलंच काहीतरी, पण नंतर कळलं की २०१२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अगदी अशाच एका ६९ वर्षांच्या ट्रकवाल्याचा फोटो छापला होता, २८ वर्षं ट्रक चालवलेला. फक्त त्याचा डावा गाल उतरलेला, कारण तिकडं स्टेअरिंग डावीकडं.

म्हणून कुणी मला विचारलं की वय दिसू नये म्हणून काय लावू, तर मी आधी सांगते बाही वर कर. दंडाची आतली बाजू बघायची, काखेजवळची, आणि मग मनगटाची वरची बाजू बघायची. दोन्हीचं वय सारखंच, जन्मतारीख एकच, मग फरक कशाचा? आतल्या बाजूला जे दिसतं ते तुमचं खरं वय, आणि बाहेर त्याच्यापेक्षा जे जास्त दिसतं ते बहुतेक उन्हाचं. खरं वय आपल्या हातात नाही. पेशी ठराविक वेळाच दुभंगतात, हे हेफ्लिक नावाच्या शास्त्रज्ञानं १९६१ मध्येच दाखवलंय, आणि आईबापाकडनं जी कातडी आली ती आली. पण वरचा जो फरक आहे तो आपला आहे, तिथं काम करायचं.

आत काय होतं ते थोडक्यात. कातडीच्या खालच्या थरात कोलॅजन नावाचे धागे असतात, खाटेच्या सुंभासारखे ताणून धरणारे, आणि इलास्टिन असतं ते खेचलं की परत जागेवर आणणारं. तिशीच्या आसपासनं कोलॅजन दरवर्षी थोडं थोडं, साधारण एक टक्का, कमी होत जातं. बायकांचं पाळी गेल्यावर एकदम घसरतं, पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ ३० टक्के जातं म्हणतात, म्हणून पन्नाशीत एकाएकी चेहरा उतरला असं वाटतं ते उगाच नाही. त्यात ऊन. उन्हातली यूव्हीबी किरणं वरच्यावर भाजतात, ती लगेच कळतात, पण यूव्हीए खोल जातात आणि हे धागे तोडतात आणि दुखत बिखत काही नाही. ढग असले तरी येतात, गाडीच्या बाजूच्या काचेतनंही येतात. महाबळेश्वरला तर फसगतच होते, गार वारं असतं म्हणून ऊन लागत नाही, पण साडेतेराशे मीटर उंचीवर किरणं खालच्यापेक्षा जास्तच तीव्र असतात, स्ट्रॉबेरीच्या शेतात दोन तास फोटो काढत हिंडून आलात की रात्री नाक सोलल्यासारखं होतं.

आपल्या सावळ्या कातडीला एक फायदा आहे तो पण सांगते. मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त, त्यामुळं गोऱ्या लोकांपेक्षा सुरकुत्या उशिरा पडतात. पण वांग आणि काळे डाग लवकर येतात. म्हणजे आपल्याकडं वय सुरकुतीनं नाही, डागानं आधी दिसतं, आणि ‘आम्ही काळे, आम्हाला सनस्क्रीन कशाला’ हे इथंच चुकतं.

आता सनस्क्रीन कसं लावायचं, कारण ९० टक्के लोक (हा माझा अंदाज) हरभऱ्याएवढं लावतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा ५० बघायचं, त्याच्या वर पैसे घालवू नका, ३० नंच साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडते आणि ५० नं ९८, आणि शेजारी पीए असं लिहिलेलं असतं त्याच्यापुढं निदान तीन प्लस पाहिजेत, ते यूव्हीएचं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीवर पूर्ण लांबीची रेघ ओढायची, एवढं चेहरा आणि मानेला. कान, मानेची मागची बाजू आणि हाताची वरची बाजू विसरायची नाही, वय तिथंच पहिलं फुटतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. वांग असेल तर रंगाची छटा असलेलं घ्या, त्यात लोहाचे ऑक्साइड असतात, ते डोळ्याला दिसणारा उजेडही अडवतात आणि वांगाला तो पण भोवतो. ऑस्ट्रेलियात नऊशे लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग केला होता, २०१३ मध्ये छापून आला, रोज लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. एवढी साधी गोष्ट, आणि लोक दोन हजाराचं सीरम शोधत बसतात.

आणि ट्यूब परवडत नसेल तर पदर, स्कार्फ, सनकोट. साताऱ्यात पोवई नाक्यावर सिग्नलला स्कूटीवर पोरी उभ्या असतात ना, फक्त डोळे दिसतात, लोक हसतात त्यांना, पण त्याच शहाण्या. दाट विणीचं सुती कापड पाहिजे, उजेडाकडं धरून बघायचं, आरपार दिसलं तर किरणं पण आरपार. शेतात जाणाऱ्यांनी टोपीपेक्षा मोठ्या कडेची हॅट किंवा डोक्यावरनं मानेपर्यंत टॉवेल घ्यावा, आणि जमलं तर अकरा ते तीनच्या मधलं काम पुढंमागं करावं. जमत नाही हे मला माहितीय, ऊसतोड काय घड्याळ बघून होत नाही. ड जीवनसत्त्वाचं काय म्हणून विचाराल तर रक्त तपासा, कमी निघालं तर डॉक्टर गोळी देतात, त्यासाठी तोंड भाजून घ्यायची गरज नाही.

मिश्री. हे लिहायला पाहिजेच कारण आमच्याकडं घरोघरी आहे आणि बायका म्हणतात ते काय व्यसन नव्हं. तंबाखू भाजून केलेली आहे ती, निकोटिन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, कातडीला रक्त कमी पोचतं. दात-हिरड्या जातात, गाल आत जातात, आणि तोंडाच्या कॅन्सरचं वेगळंच. बिडी-सिगारेटवाल्यांच्या ओठाभोवती ज्या उभ्या रेघा पडतात त्या तुम्ही पाहिल्याच असतील.

आता माझी फजिती. चाळिशीत गालावर वांग आला, ओळखीच्या एका दुकानात विचारलं, त्यांनी एक ट्यूब दिली, ‘हे लावा, आठ दिवसात फरक’. आठ दिवसात खरंच फरक! मी काय, खूश, तीन महिने लावली. मग थांबवली तर चेहरा लालबुंद, गालावर बारीक लव, ऊन लागलं की आग. स्किनच्या डॉक्टरांकडं गेले तर त्यांनी ट्यूब मागं फिरवून एकच शब्द दाखवला, त्यात स्टेरॉइड होतं. कातडी पातळ झालेली, खालच्या बारीक नसा दिसायला लागलेल्या. सावरायला वर्ष गेलं. तर चेहऱ्याला लावायची कुठलीही ट्यूब चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि नावात क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर तिथंच ठेवा. लिंबू पण चोळू नका, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की चट्टे भाजल्यासारखे उठतात. हळदीचा लेप लावा हवं तर, छान वाटतं, पण सुरकुती जाईल म्हणून नाही.

मग लावायचं काय? आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर, पायाला खोबरेल चालतं. आणि सुरकुत्यांसाठी रात्री रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध, ज्याच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय, ऐंशीच्या दशकापासनं. डॉक्टरांना विचारून ट्रेटिनॉइन किंवा दुकानात मिळणारं सौम्य रेटिनॉल. वाटाण्याएवढं, आठवड्यातनं दोनच रात्री, कातडी सोलते पहिल्यांदा, घाबरून सोडू नका पण रोज पण लावू नका, तीन महिन्यांच्या आत आरशाकडनं काही मागू नका. पोटुशी असताना किंवा मूल ठेवायचा विचार असेल तर अजिबात नाही. सकाळी सनस्क्रीन लावणार नसाल तर हे करूच नका.

पण मला खरं सांगायचंय ते आईबद्दल. तिची कातडी बघाल तर बाहत्तरीत मस्त आहे, पदर कधी सुटला नाही, पण मागच्या वर्षी खुर्चीतनं उठताना दोन्ही हात टेकायला लागली. वय तिथं होतं आणि आम्ही तोंड बघत होतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर जास्त, आणि कुणाला दिसत नाही कारण जागा चरबी घेते. घरी बघायचं असेल तर हात छातीवर बांधा, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, तीस सेकंदात किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्टच्या बाईला बारा, पुरुषाला चौदा तरी यायला पाहिजेत, सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला दहा. आईचे सात आले.

फिरायला जाणं चांगलंच, अजिंक्यताऱ्यावर पहाटे जत्रा असते, पण नुसत्या चालण्यानं मांड्या भरत नाहीत. वजन पेलायला लागतं. आईला मी रोज खुर्चीतल्या उठबशा दिल्या, पाच-पाचच्या तीन खेपा, मग हातात पाण्याच्या बाटल्या, मग ओट्याला धरून टाचा वर. गुडघ्याचं दुखणं किंवा बीपी असेल तर आधी विचारून. तरण्यांनी सरळ जोर-बैठका माराव्यात, आठवड्यातनं दोन-तीन दिवस, खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात राहून बैठकांची लाज काय. आणि त्याच्यासोबत प्रोटीन, नाहीतर कष्ट वाया. वजन साठ किलो तर दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास. आपली दोन भाकऱ्या आणि पातळ आमटी एवढ्यानं ते होत नाही, आमटीत पाणीच असतं. अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात सात, मग मटकीची उसळ, वाटीभर दही, घट्ट पिठलं असं तिन्ही जेवणांत वाटून. किडनीचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांच्या मापानं.

साखरेचं पण तसंच. तीन महिन्यांची शुगर, एचबीए१सी, करतो ना आपण, ती म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली याचं माप. तशीच ती कोलॅजनला पण चिकटते आणि धागे कडक होतात. कंदी पेढा सोडा असं मी सांगणार नाही, साताऱ्यात राहून कोण ऐकणार, पण दिवसातनं पाच कप गोड चहा आहे तो दोनवर आणा. झोप सात तास, हे सगळ्यांना माहितीय, म्हणून मी पुढं जाते. एखादा तीळ वाढला, कडा वाकड्या झाल्या, रक्त आलं, किंवा जखम महिनाभर भरली नाही तर क्रीम नाही, डॉक्टर.

आईचे आता अकरा होतात. काकांना मी सनस्क्रीनची ट्यूब दिली तर ते फक्त उजव्या गालाला लावतात, म्हणतात, डावा अजून नवाच हाय, त्याला कशाला खर्च.