अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट व्हायचंय? अर्जापासून रोटेशनपर्यंतची वाट

अमेरिकेतल्या दवाखान्यात तुम्हाला तपासणारी, चाचण्या सांगणारी आणि औषध लिहून देणारी व्यक्ती बऱ्याचदा डॉक्टर नसते, पीए असते. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवेचं काम केलेल्या चौघांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. आज असे ३०० हून अधिक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहेत. पीएंच्या संघटनेने २०२१ मध्ये ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारलं, पण बहुतेक राज्यांच्या परवान्यावर अजून जुनंच नाव आहे.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. भारतातली एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी किंवा बीएस्सी फिजिशियन असिस्टंटची पदवी दाखवून अमेरिकेतल्या पीए परीक्षेला बसता येत नाही. एआरसी-पीए या संस्थेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो, मग तुम्ही तिकडे दहा वर्षं दवाखाना चालवलेला असो. हा अभ्यासक्रम पदव्युत्तर पातळीचा असतो आणि साधारण २७ महिने चालतो.

१. आधी तक्ता, मग बाकी सगळं

आठ-दहा अभ्यासक्रम निवडा आणि त्यांच्या अटी एका तक्त्यात लिहून काढा: कोणते विषय, किती जुने चालतात, रुग्णसेवेचे किती तास, परदेशी पदवी चालते का, विद्यार्थी व्हिसावरच्यांना घेतात का. एका ठिकाणची अट दुसरीकडे लागू होत नाही, म्हणून हा खटाटोप. काही जण फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. हे अर्ज भरल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

विषय साधारण असे: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. विज्ञानाचे विषय बहुधा प्रयोगशाळेसकट मागतात आणि पाच ते दहा वर्षांपेक्षा जुने गुण अनेक ठिकाणी चालत नाहीत. पुण्या-मुंबईत शिकलेल्यांना गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं. तेवढ्यावर भागत नसेल, तर राहिलेले विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक कॉलेजात करा. तिथली फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी असते. तक्त्यातल्या अभ्यासक्रमांना कम्युनिटी कॉलेज चालतं ना, ते मात्र आधी विचारा.

किमान जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) बहुतेक ठिकाणी ३.० मागतात, पण प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ३.५ च्या पुढे असते. विषय पुन्हा दिला तर जुना गुण पुसला जात नाही. केंद्रीय अर्जप्रणाली दोन्ही गुण सरासरीत धरते.

२. तास जमवा, आणि नोंदवा

अनेक अभ्यासक्रम ५०० ते २००० तास रुग्णसेवा मागतात. रुग्णवाहिकेतले ईएमटी, परिचारिकेच्या हाताखालचे सीएनए, मेडिकल असिस्टंट, रक्त काढणारे फ्लेबोटॉमिस्ट ही नेहमीची कामं. हिशेब सोपा आहे: आठवड्याला २४ तास, वर्षात ५० आठवडे, झाले १२०० तास. म्हणजे अर्जाच्या आधीचं किमान एक वर्ष यातच जातं.

अर्जात ‘पेशंट केअर’ आणि ‘हेल्थकेअर’ असे दोन वेगळे रकाने असतात. रुग्णाला हात लावून त्याच्या उपचारात तुमचा वाटा असेल तर पहिला. रिसेप्शन, बिलिंग, साफसफाई दुसऱ्यात. डॉक्टरच्या बाजूला बसून नोंदी टंकणाऱ्या स्क्राइबचे तास काही जण पहिल्यात धरतात, काही नाही. एकच तास दोन्हीकडे दाखवू नका. पीएसोबत नुसतं उभं राहून पाहणं म्हणजे शॅडोइंग, त्याचा रकाना आणखी वेगळा.

एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाचा परवाना नसेल तर पगारी नोकरी करता येत नाही. अशा वेळी मोफत दवाखान्यात स्वयंसेवा हा मार्ग उरतो, पण काही अभ्यासक्रम फक्त पगारी तास मोजतात. पुन्हा तक्ता बघा.

३. अर्ज: कॅस्पा

बहुतेक अभ्यासक्रम कॅस्पा या एकाच प्रणालीतून अर्ज घेतात. ती दरवर्षी एप्रिलच्या शेवटी उघडते. बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसे जागा भरत जातात, म्हणून जून-जुलैपर्यंत अर्ज गेलेला बरा. सगळ्यात जास्त घोटाळा तारखेच्या अर्थात होतो. कुणाची मुदत अर्ज ‘पाठवण्याची’ असते, कुणाची गुणपत्रिका आणि शिफारसपत्रांसह ‘पूर्ण’ होण्याची, कुणाची ‘पडताळणी’ झाल्याची. पडताळणीला काही आठवडे लागू शकतात. शेवटच्या दिवशी बटण दाबलेला माणूस इथेच बाद होतो. भारतातल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत एकत्रित गुणपत्रिका मागवायचं असेल तर ते काम आदल्या हिवाळ्यातच सुरू करा.

शिफारसपत्रं किमान दोन, कमाल पाच. त्यातलं एक तरी तुमचं काम पाहिलेल्या पीएचं किंवा डॉक्टरचं असू द्या. आत्मनिवेदनाला मोकळ्या जागा धरून ५००० अक्षरं मिळतात. बरेच जण त्यातली ४००० आजोबांच्या आजारपणात घालवतात. वाचणाऱ्याला हवं असतं ते एवढंच, की डॉक्टर नाही, नर्स नाही, पीएच का?

४. रुजू होण्याआधी: लसी आणि बीसीजीचा घोळ

गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती रक्तचाचणीने दाखवावी लागते. हिपॅटायटिसची नेहमीची मालिका शून्य, एक आणि सहा महिने अशी चालते, म्हणून प्रवेशपत्र हातात पडताच सुरुवात करा. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची क्षयाची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. दंडावर व्रण असेल तर थेट आयजीआरए ही रक्तचाचणी मागा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि विनाकारण एक्स-रे व धावपळ टळते.

५. वर्गातलं वर्ष

१२ ते १५ महिने. ॲनाटॉमी, औषधशास्त्र, निदान, रुग्णतपासणी सगळं एकदम अंगावर येतं आणि सोबत नोकरी जमत नाही. पाठांतरावर वाढलेल्यांना इथे धक्का बसतो, कारण प्रश्न ‘अमुकची लक्षणं लिहा’ असा नसतो. रुग्णाची हकिकत देऊन ‘आता पुढे काय कराल’ असं विचारतात.

६. रोटेशन

मग साधारण वर्षभर, २००० तासांच्या आसपास, प्रत्यक्ष रुग्णालयं आणि दवाखाने. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीआरोग्य आणि मानसिक आरोग्य हे सात विभाग चुकत नाहीत. प्रत्येक रोटेशन बहुधा चार ते सहा आठवड्यांचं. जागा शोधायची जबाबदारी अभ्यासक्रमाची असते, विद्यार्थ्यावर ती टाकता येत नाही. प्रवेश घेतानाच याबद्दल विचारा. गाडी मात्र लागतेच.

तुमची पारख होते ती प्रिसेप्टरसमोर, म्हणजे रोटेशनवर शिकवणाऱ्या डॉक्टर किंवा पीएसमोर, रुग्ण मांडताना. दोन-तीन मिनिटं मिळतात. ‘५८ वर्षांच्या बाई, मधुमेह आणि रक्तदाब, दोन दिवस छातीत जड वाटतंय, जिना चढताना वाढतं, बसल्यावर थांबतं. नाडी ९६, ऑक्सिजन ९७. ईसीजी लगेच काढावा आणि ट्रोपोनिनसाठी रक्त पाठवावं असं मला वाटतं.’ नवखे लोक हकिकतीतच अडकतात आणि शेवटचं वाक्य बोलतच नाहीत. मत चुकलं तरी चालतं, पण मतच नसेल तर शिकवणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही.

शस्त्रक्रियागृहात स्क्रब केल्यावर (हात निर्जंतुक धुऊन गाऊन-हातमोजे घातल्यावर) हात कमरेच्या वर, छातीसमोर. कोपर कुठे टेकलं असं वाटलं, तरी त्याच क्षणी सांगा. गाऊन-हातमोजे बदलायला फार वेळ लागत नाही. लपवलेली चूक रुग्णाच्या जखमेत जाते.

पाहिलेल्या रुग्णांची नोंद त्याच संध्याकाळी करा, आठवड्याने आठवत नाही. रोटेशनच्या शेवटी बहुधा १२० प्रश्नांची, दोन तासांची परीक्षा असते. ती पॅन्स या शेवटच्या राष्ट्रीय परीक्षेच्या धर्तीवरच असल्याने तिची तयारी वाया जात नाही.

पॅन्स पदवीनंतर सात दिवसांनी देता येते: ३०० प्रश्न, ६० चे पाच भाग, प्रत्येकी एक तास, उत्तीर्णतेला ३५० गुण. त्यात पास झालात की राज्याचा परवाना. त्यानंतर रुग्णालयाची कागदपत्रांची तपासणीही महिने खाते, तेव्हा प्रिसेप्टरांचे संपर्क, लसींचे दाखले आणि बीएलएस-एसीएलएस या जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं एकाच फाइलमध्ये ठेवा.