मंत्रचळावरची थेरपी निवडताना या चुका टाळा

घरात कुणाला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, आहे हे कळलं की लगेच विचारणा सुरू होते : ईआरपी भारी, सीबीटी भारी की ती नवी एसीटी? भुसावळपासून शहाद्यापर्यंत प्रश्न हाच. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी. ईआरपी हा तिचाच प्रकार, भीतीला सामोरं जाऊन नेहमीची कृती रोखायचा. एसीटी नको ते विचार स्वीकारून आपलं काम करत राहायला शिकवते. नावं ताडून काही हाती लागत नाही. हात धुणं, कुलूप ओढून पाहणं, मोजणं, मनातल्या मनात जप करणं, भीती शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या अशा कृती म्हणजे विधी. चांगला उपचार या विधींना थेट हात घालतो. तुलना तिथे करा.

अर्धी ईआरपी करून 'फरक नाही' म्हणणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. ईआरपीत दोन कामं असतात : भीतीच्या गोष्टीला मुद्दाम सामोरं जायचं आणि नंतर विधी करायचा नाही. लोक पहिलं करतात, दुसरं गाळतात.

समजा, यावलकडचा एक केळीवाला आहे. फवारणीचं औषध अंगाला लागून पोरांच्या पोटात जाईल, ही त्याची धास्ती. फवारणी झाल्यावर साबणाने हात धुणं आणि कपडे बदलणं ही साधी काळजी आहे, ती कुणी सोडायला सांगत नाही. पण हा तासभर मोरीतून उठत नाही, दोन दिवसांत साबणाची वडी संपवतो. थेरपिस्ट त्याला भीतीची शिडी करून देतो, शून्य ते १०० गुणांची. औषधाच्या खोलीची कडी बाहेरून धरणं ३०, धुऊन ठेवलेल्या पंपाचा पट्टा धरणं ५०, तोच हात न धुता खाटेवर पोराशेजारी बसणं ७०, त्याच हाताने भाकरी मोडणं ९०.

गडी रोज कडी धरतो. पण धरताना मनात 'काही होणार नाही' अकरा वेळा म्हणतो, हात सदऱ्याला पुसतो, रात्री 'असंही आंघोळ करायचीच होती' म्हणून दोन बादल्या ओततो. बायकोला विचारतो, तीही म्हणते, ''काही व्हत नही.'' दोन महिन्यांनी निकाल : ईआरपी चालत नाही. अहो, ती केलीच कुठे? पुसणं, पुटपुटणं, उशिराची आंघोळ, बायकोचा दिलासा हे चारही विधीच. हात न धुता काहीही न करता बसलं तरी निभतं, हे शिकायची संधीच त्याने मेंदूला दिली नाही.

उपाय साधा आहे. विधींची यादी भीतीच्या यादीएवढीच बारकाईने लिहा, मनातले विधी आधी. चुकून हात धुतले गेलेच, तर पुन्हा कडी धरा.

१९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरच्या अशा उपचाराचा अहवाल दिला, तेव्हा धुण्याचा विधी असलेल्या बाईंच्या खोलीतला नळ बंद ठेवला होता. आपल्याकडे नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, तरी मंत्रचळ हटत नाही. माणूस ड्रम भरून ठेवतो. नळ नव्हे, विधी थांबवायचा असतो, आणि तोही त्याच्या संमतीने.

कशाशी तुलना केली ते न पाहणं

'एसीटी सिद्ध झाली आहे' हे खरंच आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७९ जणांवर आठ सत्रांची एसीटी वापरली, ती सरस ठरली. पण कशापेक्षा? स्नायू सैल सोडण्याच्या व्यायामापेक्षा, आणि ओसीडीवर तो व्यायाम मुळातच लेचापेचा. पुढे २०१८ मध्ये नुसती ईआरपी आणि ईआरपी अधिक एसीटी समोरासमोर ठेवली, तर फरक दिसला नाही. म्हणून एसीटी टाकाऊ नाही. भीतीला सामोरं जायला जो तयारच होत नाही, त्याला ती उपयोगी पडू शकते. पण ईआरपीची धग नको म्हणून शोधलेली पळवाट असेल, तर ती पळवाटच.

दोन सत्रांत निकाल लावणं

केळी लावल्यावर घड यायला महिने लागतात हे रावेरात कुणाला सांगावं लागत नाही, थेरपीत मात्र आठवड्यात फळ हवं. २०१३ च्या एका चाचणीत गोळ्या चालू असूनही त्रास उरलेल्यांना आठ आठवड्यांत ईआरपीची १७ सत्रं दिली. ८० टक्क्यांना चांगला फरक पडला. गोळ्यांना जोड म्हणून रिस्पेरिडोन हे आणखी एक औषध दिलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. सत्र दीड तासाचं, वर रोजचा गृहपाठ. महिन्यातून एकदा अर्धा तास गप्पा मारून याच्याशी तुलना करू नका.

मोजमापही ठेवा. वाय-बॉक्स ही ओसीडी किती तीव्र आहे ते मोजणारी, दहा प्रश्नांची, ४० गुणांची पट्टी आहे. सुरुवातीला आणि दर चार आठवड्यांनी भरून घ्या. गुण ३५ टक्के उतरले तर उपचार लागू पडला असं साधारण धरतात. 'जरा बरं वाटतंय' हे माप नव्हे.

मनगटाला रबर बांधून वाईट विचार आला की ताणून सोडणं : सोडून द्या.

भीतीला सामोरं जाताना दीर्घ श्वास, नामस्मरण : तेही त्या वेळेपुरतं नको, एरवी खुशाल करा.

गोळ्या आपल्या मनाने बंद करून थेरपीला बसणं : अजिबात नको.

घरच्यांनी एकदम तोंड फिरवणं हीही चूकच. दिवसाला वीस वेळा 'कुलूप लावलंय ना?' विचारणाऱ्याला आधी दहा, मग पाच उत्तरं, असं त्याच्याशी बसून ठरवा. उत्तर नाकारताना एकच वाक्य ठेवा : 'हा ओसीडीचा प्रश्न आहे, आपण याला उत्तर न द्यायचं ठरवलंय.' आईने नाही म्हटल्यावर आजीने गुपचूप 'हो रे बाबा' सांगितलं, की पाण्यात गेलं सगळं.

धडगाव-अक्कलकुव्याहून दर आठवड्याला शहरात जाणं जमत नाही, हे खरं. मग व्हिडिओवर सत्र घ्या. विधी घरातच होतात, मोबाइल मोरीच्या दारापर्यंत नेता येतो. कुठून सुरू करावं हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा : ''विधी थांबवायचा सराव सत्रात करून घेता का, की नुसतं बोलायचं?''