सोलापूरचा उन्हाळा आणि गेमिंग लॅपटॉप: व्होल्टेजला हात लावण्याआधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की ओळखीतली पोरं लॅपटॉप काखेत मारून घरी येतात. "दादा, लई तापायलंय. गेम वीस मिनिटांत अडकायलंय. अंडरव्होल्ट करून द्या की." अंडरव्होल्ट म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करणं. पण मी आधी स्क्रू ड्रायव्हर काढतो, कारण सर्वांत मोठी चूक इथंच होते: सेटिंग बदलायची घाई आणि आतली घाण तशीच.

गेल्या उन्हाळ्यात पूर्व भागातला एक मुलगा आला होता. घराच्या मागच्या खोलीत यंत्रमाग, दिवसभर टॉवेल विणले जातात. खालचं झाकण उघडून पंखा बाजूला केला, तर पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्यांच्या मधोमध करड्या रंगाचा थर बसलेला. चिमट्यात धरून ओढला, तर नमद्याच्या पट्टीसारखा सलग निघाला. त्यात दोन-तीन निळे धागेही होते. हवा बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. सेटिंग एकही न बदलता, त्याच गेममध्ये प्रोसेसरचं तापमान ९७ अंशांवरून ८४ वर आलं. आपल्या गावात सुताची कुसं हवेतच असतात. माग घरात नसला, तरी वर्षातून दोनदा सफाई कराच. फक्त ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भन्नाट वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं.

दुसरा घोटाळा शब्दाचा. लाइटीचं व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून लॅपटॉप तापतो, असं समजून काहीजण स्टॅबिलायझर आणतात. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात आणि लॅपटॉपला साधारण २० व्होल्ट देतात. प्रोसेसरच्या आत तर खेळ एक व्होल्टच्या आसपासचा. अंडरव्होल्टिंग म्हणजे त्या एका व्होल्टमधून थोडंसं काढून घेणं. प्रोसेसरला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० मिलिव्होल्ट कमी केले तरी उष्णतेत फरक दिसतो. स्टॅबिलायझरचा याच्याशी काही संबंध नाही.

आता मी स्वतः केलेली चूक. एका व्हिडिओतल्या माणसानं उणे १२० मिलिव्होल्ट ठेवलं होतं, म्हणून मीही थ्रॉटलस्टॉप या व्होल्टेज बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदम उणे १२० टाकलं. अर्धा तास टेस्ट झाली, खूश झालो आणि विंडोज सुरू होताच सेटिंग लागू होईल अशी सोय करून टाकली. दुसऱ्या सकाळी लॉगिन केलं की निळी स्क्रीन, परत सुरू, परत निळी स्क्रीन. शेवटी सेफ मोडमध्ये जाऊन सेटिंगची फाइल उडवली तेव्हा सुटका झाली. एकाच मॉडेलच्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात, दुसऱ्याचा आकडा आपल्याला चालेलच असं नाही. उणे ४० पासून सुरू करा, दहा-दहानं खाली या, कोअर (प्रोसेसरचा मुख्य भाग) आणि कॅश (त्याच्या आतली मेमरी) या दोन्ही आकड्यांकडे लक्ष ठेवा. प्रोसेसरवर ताण देणारी नुसती सिनेबेंच टेस्ट पास झाली म्हणून विश्वास ठेवू नका. पुष्कळदा लॅपटॉप रिकामा पडलेला असताना किंवा गाणं लावलेलं असतानाच बंद पडतो. तीन-चार दिवस रोजचं काम करून बघा, एचडब्ल्यूइन्फो या लॅपटॉपवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअरचे एरर वाढतायत का पाहा, मगच सेटिंग कायमची करा.

काहींच्या लॅपटॉपात व्होल्टेज बदलायचा पर्यायच राखाडी, म्हणजे बंद दिसतो. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून इंटेल प्रोसेसरचं व्होल्टेज बदलणं बंद केलं. ते उघडायला जुना बायोस टाकायच्या फंदात पडू नका, मध्येच लाइट गेली तर बोर्ड जायचा. त्यापेक्षा विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपात त्यानं टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान चटकन उतरतं. गेममध्ये फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा. ग्राफिक्स कार्डासाठी आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधला व्होल्टेज आणि वेगाचा कर्व्ह बहुधा मोकळा असतो, तिथं प्रयत्न करा.

पलंगावर चादर अंथरून त्यावर लॅपटॉप ठेवणं बंद करा. आपली सोलापुरी चादर जाड असते, खालच्या जाळ्या पार बुजतात. आणि एसीत २४ अंशांत बसलेल्याच्या आकड्यांशी आपली तुलना नको. खोलीत ३८ असेल, तर तेवढेच १४-१५ अंश तुमच्या आकड्यात धरा. कूलर खोलीत खुशाल लावा, पण त्याचा ओला झोत थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर व्होल्टेज, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, सफाई काहीही करू नका. बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि तसाच सर्व्हिस सेंटरला न्या.