सिग्नलला गाडी थरथरते, बंद पडते? गॅरेजमध्ये जाण्याआधी या चुका टाळा

सेकंडहँड पेट्रोल गाडी सिग्नलला थरथरते, एसी लावला की बंद पडते, अशी तक्रार केली की बऱ्याच ठिकाणी आधी रेस वाढवून देतात. यासारखी दुसरी चूक नाही. गरम इंजिनाचं आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, साधारण 750 ते 900 आरपीएमच्या आसपास असतं. ते 1200 वर नेलं की थरथर लपते, पण दोष आहे तिथेच राहतो. वर पेट्रोल जास्त जळतं आणि गर्दीत क्लच सोडताच गाडी पुढे झेपावते. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाड्यांत थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू कंपनीतूनच बसवून येतो. तो फिरवला, तर थ्रॉटल पूर्ण बंद कधी झालं हेच ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, नीट कळत नाही. त्या स्क्रूवरचा रंगाचा ठिपका तुटलेला दिसला, तर आधीच्या कोणीतरी तिथे हात घातलाय असं समजा.

दुसरी चूक म्हणजे गाडी नेमकी कधी बंद पडते हे न बघताच पार्ट बदलत सुटणं. चार दिवस लक्ष ठेवा आणि लिहून काढा. एसी लावल्यावर पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा) आधी तपासा. गरम झाल्यावर पडते आणि अर्धा तास थांबलं की मुकाट्याने चालू होते, मग संशय क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरलं हे ईसीयूला सांगणारा), इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) किंवा फ्युएल पंपावर. सीएनजी किट असेल तर पेट्रोलवर चालवून बघाच. फक्त गॅसवरच मिसिंग होत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेट घेत नसेल, तर किटचा फिल्टर आणि रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) जितके बघायचे तितकेच स्पार्क प्लग आणि वायरीही बघायच्या, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते.

हवेची गळती सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटते. जुन्या गाडीत रबरी पाइप वरून धडधाकट दिसतात. बोटाने वाकवून, खालच्या बाजूने बघितल्यावर बारीक भेगा दिसतात, विशेषतः पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या) पाइपला आणि त्याच्या वळणावर. त्यातून इंजिन जास्तीची हवा खेचतं, मग रेस कधी चढते, कधी हेलकावे खाते. ब्रेक दाबला की आयडलिंग बदलतं का, हे आवर्जून बघा. बदलत असेल तर ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा भाग) किंवा त्याचा पाइप फुटलेला असू शकतो. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत काही वेळा दाबा, पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. जात नसेल तर गाडी तशीच रस्त्यावर काढू नका. घाटाच्या उतारावर इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच ताकद उरते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. गळती शोधायला काहीजण चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. तसं चुकूनही करू नका, आग लागेल.

प्लग काढले की न बघता फेकू नका. कोणता प्लग कुठल्या सिलिंडरचा, त्या क्रमाने कागदावर मांडा. चारही कोरडे काळे असतील तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असतील तर हवा जास्त. तीन बरे आणि एकच काळा, तर त्या एकाच सिलिंडरची वायर, कॉइल, इंजेक्टर तपासायचा. सगळं इंजिन खोलायची गरज नाही.

मिसिंग कुठल्या सिलिंडरला आहे हे बघायला चालू गाडीची प्लग वायर उपटायची जुनी सवय आहे. त्याने झटका बसतो आणि कॉइल जाऊ शकते. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढा. ज्याचा काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता.

स्कॅनर लावला तर कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा. पी0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग, एवढंच. कॉइल खराब आहे असं तो म्हणत नाही. आरपीएमचा काटा स्थिर आणि तरी डॅशबोर्ड थरथरतोय, तर इंजिन माउंटिंग बघा.

एवढं करूनही एकच सिलिंडर नडत असेल, तर महागडे सेन्सर घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) करून घ्या. चारही प्लग बाहेर, फ्युएल आणि इग्निशन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आणि सीएनजीवर फार चाललेल्या गाडीत हेड उघडण्याआधी टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) तपासून घ्या, तो कमी झाल्याने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि काम तिथल्या तिथे भागू शकतं.